गाणं सुरू झालंय, गाणारा अजून आलेला नाही

दादा, तुमची कमेंट काल रात्री वाचली, दोनदा वाचली, तिथंच खाली दोन ओळी टाकाव्या म्हणलं तर ते काही दोन ओळीत बसेना, म्हणून हे वेगळं लिहायलोय.

बाकीच्यांसाठी आधी सांगतो झालं काय. द क्युअर ह्या इंग्लंडच्या रॉक बँडच्या 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' ह्या २०२४ च्या अल्बमबद्दल मी लिहिलं होतं की कित्येक वर्षांत इतकं काळजाला लागणारं काही ऐकलं नाही. त्यावर दादांचं म्हणणं असं: १६ वर्षं थांबवलं आणि दिली आठ गाणी, त्यातली निम्मी कॉन्सर्टमधून आधीच ऐकलेली, सगळी एकाच संथ चालीची, पहिल्या गाण्यात तीन मिनिटं आणि शेवटच्या गाण्यात सहा मिनिटं कुणी गातच नाही, "मी तर सरळ फॉरवर्ड केलं". त्यांचा गायक, पासष्टीतला माणूस, काजळ-लिपस्टिक लावून मरणाची रडगाणी म्हणतोय ते पैशासाठी. आणि शेवटी, मराठवाड्यात बसून असलं ऐकणं म्हणजे नुसती शायनिंग.

हिशोबाचं आधी उरकतो. बरोबरंय, आधीचा अल्बम '४:१३ ड्रीम' २००८ चा, हा आला १ नोव्हेंबर २०२४ ला, मधी १६ वर्षं. आठच गाणी, ४९ मिनिटं. पण आधीच्या अल्बमात १३ होती, त्यातली तुम्हाला आज किती आठवतात सांगा, मला तीन आठवतात आणि मी फॅन आहे. आठातली पाच गाणी २०२२-२३ च्या टूरमधी वाजवलेली होती हेही खरं. पण माझ्या मते त्यानं गाण्यांचं भलंच झालं. नवीन गाणं स्टेजवर वाजवायचं, लोकांच्या तोंडाकडं बघायचं, परत वाजवायचं, असं वर्ष दीड वर्ष मुरल्यावर ते जे होतं ते स्टुडिओत बसून होत नाही. आणि सगळी आठच्या आठ गाणी एकट्या रॉबर्ट स्मिथनं, म्हणजे त्या गायकानं, लिहिल्यात, असं १९८५ च्या 'द हेड ऑन द डोर' नंतर पहिल्यांदाच झालंय. एकट्या माणसाला काय काय सांगायचं साचलं होतं ते त्यात कळतं.

पैशाचं मात्र तुम्ही उगं बोललात, त्याचं मला वाईट वाटलं. २०२३ ला अमेरिकेच्या टूरमधी ह्याच माणसानं २० डॉलरची तिकिटं ठेवा म्हणून धरून लावलं होतं, आणि तिकीट विकणाऱ्या कंपनीनं त्या तिकिटावर तिकिटापेक्षा जास्त फी लावली तेव्हा तो जाहीरपणे भांडला आणि लोकांना थोडे का होईना, पाच-दहा डॉलर परत मिळवून दिले. अल्बम आला त्याच दिवशी लंडनच्या ट्रॉक्सी थिएटरात त्यांनी पूर्ण अल्बम वाजवला, मग जुनी गाणी, एकूण ३१, जवळजवळ तीन तास, आणि ते सगळं यूट्यूबवर फुकट लाइव्ह दाखवलं. पैशासाठी करणारा माणूस असं करतो का? अल्बम इंग्लंडमधी एक नंबरला गेला, १९९२ च्या 'विश' नंतर पहिल्यांदा, पण ते लोकांनी नेलं.

काजळाचं म्हणाल तर आपल्या दारात पोतराज येतो, केस मोकळे, कपाळभर हळदकुंकू, कमरेला घागरा, पायात चाळ, तेव्हा त्याला कुणी विचारतं का बाबा तू असा का नटलास. तो त्याचा वेष आहे, तो चढवला की त्याचं काम सुरू होतं. स्मिथ चाळीसेक वर्षं त्याच वेषात उभा आहे आणि आवाज ऐका ना, पासष्टीला आवाज तसाच कोवळा, तसाच थरथरता, मला तर पहिल्यांदा ऐकताना खरंच वाटेना.

एक गोष्ट तुमची मान्य, पूर्ण मान्य. मिक्सिंग फार दाटीवाटीचं झालंय. 'वॉरसाँग' मधी तर गिटार, सिंथ, ड्रम सगळे एकमेकांच्या अंगावर बसलेत, श्वास घ्यायला जागा नाही. 'ड्रोन:नोड्रोन' मला बी अजून पटलेलं नाही, रीव्ह्ज गॅब्रेल्सची गिटार तिथं जास्त बोलते. हे मी आधीच्या पोस्टमधी लिहायला पाहिजे होतं, भरात राहून गेलं. पण एकाच चालीचं कसं म्हणता? 'अ फ्रॅजाइल थिंग' दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तोंडात बसतं.

आता मुद्द्याचं. फॉरवर्ड.

पहिलं गाणं, 'अलोन', परत लावा. पहिल्यांदा ड्रम येतो, जड, सावकाश, एकेक ठोका वजन टाकल्यासारखा. त्यावर सिंथची लाट पसरते, खालून सायमन गॅलपचा बेस गुरगुरत राहतो, मधूनच गिटारचे चार सूर येतात, जातात, परत येतात. घाई कुणालाच नाही. असं तीन मिनिटांच्या वर चालतं आणि मग आवाज येतो. आता हे नीट बघा, तो आवाज गाणं सुरू करत नाही. गाणं कधीच सुरू झालंय, तो त्यात येतो. जसं आपण उशिरा पोचावं आणि माणसं आधीच बसलेली असावीत.

आमच्या घरी लग्न झालं की भवानीचा गोंधळ असतो, तुमच्याकडं बी असेलच. ज्वारीची ताटं बांधायची, चौक भरायचा, कलश मांडायचा, दिवटी पेटवायची. मग संबळ सुरू होतं, तुणतुणं लागतं, आणि एकेका देवाला नाव घेऊन बोलावणं चालू होतं, तुळजापूरची भवानी गोंधळाला ये, माहूरची रेणुका गोंधळाला ये, जेजुरीचा खंडेराव, गावाची मरीआई, शिवेवरचा म्हसोबा, कुणाला सोडायचं नाही. लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा, मला आख्यान ऐकायचं असायचं, मी आजीच्या मांडीवर पडून विचारायचो गोष्ट कधी लागणार, तर ती म्हणायची, "आधी समदे येऊ दे की रे." आणि खरंच, मध्यरात्रीनंतर आख्यान लागायचं तेव्हा अंगण पहिल्यासारखं राहिलेलं नसायचं. तेच अंगण, तीच चटई, पण आता तिथं काहीतरी आलंय असं वाटायचं. ते संबळ कापून थेट आख्यान लावलं असतं तर नुसती गोष्ट हाती लागली असती.

तरी गोंधळात आणि ह्यात एक फरक आहे, आणि तो मला परवा गाडी चालवताना समजला, म्हणून तर ही पोस्ट. गोंधळात वाजवणारे बोलावतात. ह्या अल्बमात कुणीच कुणाला बोलवत नाही. संगीत आपलं चालू आहे, माणूस असो नसो. शेवटचं 'एंडसाँग' १० मिनिटं २३ सेकंदांचं आहे, त्यात सहा मिनिटांच्या वर नुसता बँड आहे. ते गाणं कुठून आलं ते सांगतो. जुलै २०१९, माणूस चंद्रावर उतरला त्याला ५० वर्षं झाली, स्मिथ बाहेर उभा राहून आकाशाकडं बघत होता आणि त्याला आठवलं की १९६९ ला तो दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर ह्याच चंद्राकडं बघत होता. आता वडील नाहीत, ते दहा वर्षांचं पोरगं बी नाही, चंद्र आहे तिथंच. तर ती सहा मिनिटं म्हणजे तो चंद्र आहे असं मी धरतो. आपण यायच्या आधी होता, आपण गेल्यावर राहणार, आपल्याला मधली तीन-चार मिनिटं मिळतात, तेवढ्यात काय गायचं ते गा. तुम्ही फॉरवर्ड करून थेट त्याच्या आवाजावर गेलात तेव्हा तुम्हाला एक म्हातारा रडताना दिसला, बरोबरच आहे, कारण तो कशासमोर उभा राहून रडायलाय ते तुम्ही पुढं ढकललं.

राहिली शायनिंग.

मी परभणीचा. घरात कुणाला इंग्रजी गाण्याचं वेड नव्हतं. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला भैय्या म्हणायचो, २००३-०४ ला औरंगाबादला शिकायला होता, तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. दिवाळीला येताना त्यानं एक एमपीथ्रीची सीडी आणली, वर काळ्या मार्करनं लिहिलेलं 'इंग्लिश मिक्स', दीडशेच्या वर गाणी, निम्म्यांची नावं चुकीची, काहींचं नुसतं 'ट्रॅक ०७'. त्यात द क्युअरच्याच 'डिसइंटिग्रेशन' ह्या जुन्या अल्बममधली चार गाणी होती. बँड कोणता हे आम्हाला दोन वर्षं माहीत नव्हतं. लाइट गेली की यूपीएसवर कंप्युटर दहा मिनिटं चालायचा आणि त्या दहा मिनिटांत भैय्या त्यातलंच एक गाणं लावायचा, शब्द कळायचे नाहीत, तो म्हणायचा, "समजायची काय गरज आहे, ऐक." ती शायनिंग कुणासमोर करणार होतो आम्ही, दादा? गल्लीत?

भैय्या २०२४ च्या मे मधी गेला. ४३ वर्षांचा. कशानं ते लिहीत नाही.

दहावा गंगाखेडला केला, गोदावरीच्या काठी. मे महिना म्हणजे गोदावरी काय असते तुम्हाला सांगायला नको, पात्रात डबकी, हिरवं पाणी, बाकी वाळू आणि दगड. पिंड ठेवला आणि सगळे लांब सरकलो. कावळे होते, समोरच्या बाभळीवर चार-पाच बसलेले, खाली बी उतरायचे, पिंडाजवळ येऊन मान वाकडी करून बघायचे आणि उडून जायचे. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मामा पुढं झाले, हात जोडून म्हणाले पोरीच्या शिक्षणाची काळजी करू नको, आम्ही आहोत. नाही शिवला. काका म्हणाले वहिनीला अंतर देणार नाही. नाही शिवला. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, की तू बोल, तुझ्यात त्याचा जीव होता. मला फक्त म्हणायचं होतं की भैय्या, जा आता. एवढंच. तोंड उघडलं तर आवाजच निघाला नाही. पायाखाली वाळू तापलेली, कुणी तरी माझ्या डोक्यावर टॉवेल टाकला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही परत निघालो.

नोव्हेंबरला अल्बम आला त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. आमच्या घरी दुखवट्याची दिवाळी, दारात रांगोळी नाही, आकाशकंदील नाही, फराळ सोयऱ्यांनी पाठवलेला, डबे न उघडता ओट्यावर तसेच. लंडनची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र उलटून गेलेली. बाहेर फटाके संपत आलेले, मी पुढच्या खोलीत हेडफोन लावून मोबाइलवर ती कॉन्सर्ट बघत बसलो होतो. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' लागलं. ते गाणं स्मिथनं त्याच्या थोरल्या भावावर लिहिलंय, रिचर्डवर. ह्या अल्बमच्या काळात त्याची आई गेली, वडील गेले आणि हा भाऊ गेला. पियानोचे मोजके सूर, तेच तेच, परत तेच, कुणी घरात येरझारा घालावी तसे. नावातच आहे सगळं, निरोप देता येत नाही. पासष्ट वर्षांचा माणूस, हजारो लोकांसमोर आयुष्यभर गायलेला, आणि त्याला बी ते एक वाक्य म्हणता येत नाही, तो फक्त म्हणता येत नाही एवढंच सांगतोय. मी मोबाइल पालथा ठेवला आणि नुसतं ऐकलं. मे पासून पहिल्यांदा रडलो, आवाज करून रडलो, आई उठून आली, काही न विचारता बाजूला बसली आणि तिनं एक हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. तिला इंग्रजी येत नाही.

तर मला हा अल्बम का लागला ते हे असंय. तुम्हाला नाही आवडला तर नाही आवडला, त्यात माझी काही तक्रार नाही, पण न ऐकता नाही आवडला असं होऊ नये एवढंच वाटायलंय.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही जालन्याचे. मी शनिवारी जालन्याला येणार आहे, दुपारी परत संभाजीनगर. रस्ता तासाभराचा, अल्बम ४९ मिनिटांचा, गाडीत जागा आहे. नंबर मेसेजमधी टाका. 'वॉरसाँग' आलं की वाटलं तर बोलू, बाकी फॉरवर्ड करायचं नाही एवढी एकच अट.