दहावीच्या संचावर सूट का नाही: एका पालकताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्या उदगीरच्या पुस्तकांच्या दुकानाला ऑनलाइन एक तारा दिलात आणि सोबत चार तक्रारी लिहिल्यात. दहावीचा पूर्ण संच घेतला तरी एक रुपया सोडला नाही. हिंदीचं पुस्तक मागितलं तर 'आधी शाळेची यादी आणा' म्हणून परत पाठवलं. यादी आणली तर नेमकं तेच पुस्तक संपलेलं. आणि शेवटी, 'या सगळ्या दुकानदारांचं शाळांशी साटंलोटं असतं.' पहिल्या तीन तक्रारी करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चौथं वाक्य मनाला लागलं. ते चारचौघांत लिहिलंय, म्हणून उत्तरही इथंच देतोय.

आधी सूट का नाही त्याचं. तुम्ही नेलेली पुस्तकं बालभारतीची. २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात हे मंडळ सुरू झालं ते चांगलं पुस्तक रास्त दरात मिळावं म्हणून, आणि आजही त्याची छापील किंमत तशीच आवरून ठेवलेली असते. घरी गेल्यावर दहावीच्या विज्ञानाचा एक भाग हातात घ्या. कागद, रंगीत आकृत्या, पानं बघा, मग मागची किंमत बघा. तेवढ्याच पानांचं कुठलंही खासगी पुस्तक शेजारी ठेवलं की फरक लगेच कळेल. आम्हाला त्यावर ठरलेलं कमिशन मिळतं, तेही थोडंच. पैसे आधी भरायचे, लातूरच्या भांडारातून माल उचलायचा, टेम्पोचं भाडं, हमाली, दुकानभाडं, जूनपुरती ठेवलेली पोरं, सगळं त्यातूनच भागवायचं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, आणि तो नसावाच. पण त्यामुळे इतर खर्चावर आम्ही जो जीएसटी भरतो तो वळता होत नाही, आमच्याच अंगावर पडतो.

तरीही ओढूनताणून संचामागं वीस-पंचवीस रुपये सोडता आले असते, हे मी मान्य करतो. ते मी जाणूनबुजून सोडत नाही. का, ते सांगतो.

पहिली ते आठवी सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तकं मोफत मिळतात. नववीत गेलं की पहिल्यांदाच सगळा खर्च घरावर येतो, आणि येतो तो जूनमध्ये. मृगाचा पाऊस पडलेला असतो, सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा आणि खत आणायचं असतं, मजुरी द्यायची असते. अशा आठवड्यात जळकोट, देवणीकडचा एखादा बाप येतो आणि गणिताचे दोनच भाग नेतो. पुढच्या बाजाराला विज्ञान. इतिहास-भूगोल श्रावण लागल्यावर. कधी कधी त्याची लेक सोबत असते आणि आधी कोणतं घ्यायचं ते तीच ठरवते. संचावर सूट ठेवली की ती एकरकमी पैसे देणाऱ्याला मिळणार आणि तुकड्या-तुकड्यानं घेणाऱ्याला तेच पुस्तक महाग पडणार. ज्याच्याकडं पैसा कमी त्यानंच जास्त मोजायचं, हे मला पटत नाही. म्हणून एक पुस्तक घ्या नाहीतर सगळी घ्या, भाव एकच, छापलेला. सुटं पुस्तक द्यायला आमच्याकडं कधीच नकार नाही.

जिथं सोडायला जागा आहे तिथं आम्ही सोडतो. वह्या डझनानं घेतल्या की भाव कमी लागतो, तो तुम्हालाही लागला आहे, बिलात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, नकाशे यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला, वह्यांवर तो आधी १२ टक्के होता. कंपासपेटीवर १२चा ५ झाला. त्याच आठवड्यात आम्ही दुकानातल्या मालाचे भाव बदलले.

मग दुसरीकडं १५-२० टक्के सूट मिळते ती कशी, असंही तुम्ही विचारलं आहे. ती बहुतेक गाइड, प्रश्नसंच आणि खासगी स्वाध्याय पुस्तिकांवर असते. ज्या पुस्तकावर एवढी सूट सुटते त्याच्या छापील किमतीत ती आधीच धरलेली असते. कमी झालेला आकडा बघून समाधान वाटतं, पण खिशातून गेले किती ते मोजा. गाइड मीही विकतो, नाही म्हणत नाही. पण पाठ्यपुस्तकाच्या आधी गाइड मागणाऱ्या पोराला मी पहिल्यांदा पाठ्यपुस्तक घ्यायला लावतो. बोर्डाचा प्रश्न त्यातूनच येतो.

आता यादीचं. माझ्या माणसानं तुम्हाला परत पाठवलं, उन्हात खेप पडली, याचा राग मी समजू शकतो. पण दहावीचं 'हिंदी' म्हणजे एकच पुस्तक नाही. संपूर्ण हिंदी असेल तर लोकभारती, संस्कृतसोबत निम्म्या गुणांची संयुक्त हिंदी असेल तर लोकवाणी. संस्कृतचंही तसंच, संपूर्णला आमोद, संयुक्तला आनंद. मराठीत कुमारभारती आणि अक्षरभारती अशी दोन, एक प्रथम भाषेचं, दुसरं द्वितीय भाषेचं. सेमी असेल तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतलं लागतं. पोरगी सोबत नव्हती आणि 'हिंदीचं द्या' एवढंच सांगितलं, तर अंदाजानं पुस्तक हातात ठेवणं सोपं होतं. चुकीचं पुस्तक घेऊन तिनं महिनाभर वर्गात बसावं त्यापेक्षा तुमची एक खेप परवडली, असं मला आजही वाटतं. यापुढं फोनवर यादीचा फोटो दाखवला तरी चालेल, छापील कागदच हवा असं काही नाही.

पुस्तक संपलेलं होतं ते लोकवाणी. संयुक्त हिंदी घेणारे आमच्याकडं कमी, त्यामुळे थोड्याच प्रती मागवतो. त्याच पैशात उर्दू माध्यमाचं विज्ञान, भूगोलही ठेवावं लागतं, कारण उदगीरात उर्दू शाळा आहेत आणि त्या लेकरांनी एका पुस्तकासाठी लातूरला का जावं? असा हळू खपणारा माल दुकानात अडकून राहतो, अभ्यासक्रम बदलला तर रद्दीत जातो. पण पाठ्यपुस्तकांचं दुकान म्हणवून घ्यायचं तर तो ठेवायलाच हवा. पुस्तक येईपर्यंत ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ मोफत मिळते, हे तुम्हाला काउंटरवर सांगितलं होतं. ते टाळाटाळ म्हणून सांगितलेलं नव्हतं. पहिला धडा बुडू नये एवढाच हेतू होता.

आता साटंलोट्याचं. हे होत नाही असं मी म्हणणार नाही, आणि म्हणूनच तुमचं वाक्य जास्त लागलं. जानेवारी-फेब्रुवारीत खासगी प्रकाशकांची माणसं नमुना प्रती घेऊन फिरतात. काही इंग्रजी शाळांची यादी तेव्हाच ठरते, आणि त्या यादीतली पुस्तकं एकाच दुकानात मिळतील असंही ठरतं. मग एप्रिलमध्ये पालकाच्या हातात प्लॅस्टिकमध्ये बांधलेला गठ्ठा येतो. त्यात शाळेचं नाव छापलेल्या वह्या, लेबलं, चित्रकलेची वही, सामान्यज्ञानाचं पुस्तक, सगळं. सुटं काही मिळत नाही. थोरल्याची पुस्तकं धाकट्याला चालू नयेत म्हणून दर वर्षी पुस्तिका बदलली जाते किंवा उत्तरं त्याच पानावर लिहायला लावतात. शाळेचा वाटा, दुकानाचा वाटा, सगळं त्या गठ्ठ्याच्या किमतीत असतं, आणि ते भरतो पालक. माझ्याकडंही अशी विचारणा आली आहे. एकदा तर एका शाळेनं वर्षाचा पूर्ण धंदा देऊ केला होता. मी नाही म्हणालो. आज त्या दुकानांची एप्रिलमधली गर्दी माझ्यापेक्षा मोठी आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

हे तुम्हाला पडताळून बघता येईल. आमच्या दुकानात एकाही शाळेच्या नावाचा बांधलेला गठ्ठा नाही. शाळेचं नाव छापलेली वही नाही. कुठल्याही शाळेच्या यादीवर आमच्या दुकानाचं नाव लिहिलेलं सापडलं तर ती यादी इथंच टाका. आणि तुमच्याच शाळेनं तुम्हाला ठरावीक दुकानाची सक्ती केली असेल, तर ते मुकाट सोसू नका. पालक सभेत विचारा, लेखी विचारा, चार पालक मिळून शिक्षणाधिकाऱ्यांकडं जा. दुकानदार बोलला तर त्याचा धंद्याचा स्वार्थ दिसतो, पालक बोलले तर शाळेला ऐकावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला त्या दिवशी गर्दीत सांगता आली नाही. दहावीची पुस्तकं २०१८ साली बदलली आणि अजून तोच अभ्यासक्रम चालू आहे, त्यामुळे जुनं पुस्तकही चालतं. पानं शाबूत असलेली जुनी पुस्तकं आम्ही छापील किमतीच्या एक तृतीयांश देऊन घेतो आणि निम्म्या किमतीत विकतो. खालच्या वर्गांचं मध्यंतरी अवघड झालं होतं. २०२३-२४ पासून पुस्तकातच वहीची कोरी पानं घातली होती, लेकरं त्यावर लिहायची, मग ते पुस्तक दुसऱ्याला कसं द्यायचं? २०२५-२६ पासून ती पानं बंद झाली, हे फार बरं झालं. दप्तराचं ओझं कमी करायचा हेतू होता, पण जुनी पुस्तकं घेऊन शिकणाऱ्या लेकरांचा त्यात विचार झाला नव्हता, असं माझं मत आहे.

लोकवाणी परवाच्या गाडीत आलं आहे. एक प्रत तुमच्या बिलावरच्या नावानं बाजूला काढून ठेवली आहे, कधीही न्या, पैसे छापील किमतीएवढेच. नको असेल तर तसं कळवा, म्हणजे थांबलेल्या दुसऱ्या कुणाला देता येईल. जून संपेपर्यंत दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं, रविवारीसुद्धा. मुलीला सोबत आणलंत तर बरं. संस्कृत संयुक्त असेल तर तिला आनंदही लागेल, आणि तुमच्या बिलात ते दिसत नाही.