‘तीन दिवसांत गेम, महिन्याला दोन लाख’: मावशी, पाटल्या बँकेत ठेवायच्या आधी हे वाच

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. आवाज दबका. “सोनेतारणावर तोळ्याला किती देतात गं आता?” कुणाला दवाखान्यात घातलंय की काय, म्हणून माझ्या पोटात गोळा आला. तसं काही नव्हतं. धाकट्या मावसभावाला गेम बनवायच्या कोर्सला घालायचंय. फी ६५ हजार, शिवाय १ लाख ४० हजारांचा लॅपटॉप. आणि तिसऱ्या वर्षाला आलेला डिप्लोमा सोडून द्यायचाय, कारण “दोन्हीकडं पाय ठेवून चालत नाही, असं त्यात लिवलंय.”

‘त्यात’ म्हणजे व्हॉट्सॲपच्या मेसेजात. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आलाय, दर वेळी वेगळ्या माणसाकडून. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्हिएतनामच्या एका पोरानं तीन दिवसांत फ्लॅपी बर्ड नावाचा मोबाईलवरचा गेम बनवला आणि दिवसाला ५० हजार डॉलर कमावले. आता कोडिंग नको, ड्रॉइंग नको, एआय सगळं करतं. गेम स्टोअरवर टाकला की जगभर विकला जातो, महिन्याला २ लाख कुठं गेले नाहीत. स्टारड्यू व्हॅलीवाल्यानं सगळं सोडून एकट्यानं गेम बनवला, तुम्हीही कॉलेज सोडा. भारतातला गेमिंगचा धंदा हजारो कोटींचा आहे. खाली कोर्सचा नंबर.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. दिवसा मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांची हिशोबाची सॉफ्टवेअर सांभाळते आणि सहा वर्षं झाली, पहाटे पाच ते आठ गेम बनवते. एक गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात आहे, एक मोबाईलच्या प्ले स्टोअरवर. त्यामुळं हा मेसेज मला नुसता ‘फॉरवर्ड’ म्हणून सोडून देता येत नाही.

आधी तो व्हिएतनामचा पोरगा. त्याचं नाव डाँग ग्वेन. ५० हजार डॉलरचा आकडा खोटा नाही, तो त्यानं स्वतः २०१४ च्या फेब्रुवारीत सांगितला होता. गेम सुट्टीच्या दोन-तीन दिवसांत बनवला, हेही खरं. पण मार्च २०१४ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकात त्याच्यावर मोठा लेख आला, तो मेसेज लिहिणाऱ्यानं वाचलाच नसावा, किंवा वाचून लपवला असावा. त्या लेखातला माणूस सोळाव्या वर्षी स्वतः बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिणारा आहे. कॉलेजात असतानाच त्यानं एका गेम कंपनीत उमेदवारी केली. आणि फ्लॅपी बर्ड बनवला तेव्हा तो हनोईत टॅक्सींची जागा दाखवणाऱ्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायची नोकरी करत होता. नोकरी सोडून नव्हे, नोकरीतल्या सुट्टीत. मे २०१३ मध्ये गेम बाहेर आला आणि कितीतरी महिने त्याच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१४ च्या जानेवारीत तो एकाएकी वर गेला, का गेला हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नाही. लोकांना त्या गेमचं व्यसन लागतंय, हे सहन होईना म्हणून फेब्रुवारीत त्यानं तो काढून टाकला. ज्या माणसाचा फोटो लावून कॉलेज सोडायला सांगताय, त्यानं ना कॉलेज सोडलं होतं ना नोकरी. हे एवढं एक कळलं तरी बाकीचा मेसेज वाचायची गरज उरत नाही.

एआयचं थोडक्यात. चित्रं निघतात, कोडही निघतं, हे मान्य. पण गेममधला बग, म्हणजे कोडातली चूक, रात्री दोन वाजता शोधायचा असतो तेव्हा ते कोड तुम्हाला वाचता यावं लागतं. शिवाय जानेवारी २०२४ पासून स्टीमवर गेममध्ये एआयनं बनवलेलं काय काय आहे ते जाहीर करावं लागतं, आणि खेळणारे ते बघतात. चित्र न काढता गेम होतो हेही मी मान्य करते. पण मग दुसऱ्या कुणाला तरी पैसे द्यावे लागतात, किंवा गेमची रचनाच तशी करावी लागते. माझ्या गेममध्ये मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारा जुळवायच्या आहेत. तारेखाली दोरा, म्हणजे जीव, सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, उघडायची. चित्रं साधी आहेत, पण आवाज खरे आहेत. मिरजेत एका कारखान्यात तीन रात्री बसून ते रेकॉर्ड केले, कारण दिवसा रस्त्यावरचे हॉर्न आत येत होते. हे काम कुठल्याही कोर्सनं तीन दिवसांत होत नाही.

आता ‘स्टोअरवर टाकला की विकला जातो’. हे वाक्य वाचून माझ्या हातापायाची आग होते, म्हणून इथं जरा थांबते.

टाकणं हीच पहिली परीक्षा. प्ले स्टोअरवर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच. पण नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी सलग १४ दिवस बंद चाचणी, म्हणजे ठरावीक माणसांपुरती चाचणी, घ्यावी लागते. आधी त्यासाठी २० टेस्टर लागत होते, डिसेंबर २०२४ पासून १२ पुरतात. बारा माणसं, दोन आठवडे, मध्ये कुणी बाहेर पडायचं नाही. माझ्या वेळी वीसच होते. ते गोळा करताना आमच्या घरातले, शेजारचे, अडतीवरचे दोन दिवाणजी आणि खुद्द मावशी अशी सगळी नावं घातली. अकराव्या दिवशी दोघं बाहेर पडले, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. स्टीमवर दर गेमला १०० डॉलर भरायचे, आणि गेमची विक्री १ हजार डॉलरच्या वर गेली तरच ते परत मिळतात. माझे अजून मिळालेले नाहीत.

मग विक्री. काका, म्हणजे मावशीचे यजमान, कसबे डिग्रजचे, हळद लावणारे. पट्टी म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको. सौद्यात निघालेला भाव वेगळा आणि हमाली, तोलाई वजा होऊन पट्टीवर येणारा आकडा वेगळा. गेमचीही अशीच पट्टी निघते. २५० रुपयांचा गेम धरा. त्यात १८ टक्के जीएसटी आलाच, तो काढला की २१२ रुपये राहतात. त्यातले ३० टक्के स्टीमचे. हातात १४८. अमेरिकेत जो माल खपतो त्यावर तिथला कर कापला जातो. पॅन देऊन फॉर्म नीट भरला असेल तर १५ टक्के, नाहीतर ३०. सेलमध्ये निम्म्या किमतीला विकलात तर १४८ चे ७४. आणि पैसे लगेच नाहीत, ह्या महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या अखेरीला बँकेत येते. २ लाख हवे असतील तर पूर्ण किमतीला दर महिन्याला साडेतेराशे प्रती खपल्या पाहिजेत. एका महिन्यात नव्हे, दर महिन्याला.

माझा आकडा सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. दोन वर्षं सात महिने खपून गेम बाहेर काढला. पहिल्या महिन्यात १८७ प्रती गेल्या, त्यातल्या २१ परत आल्या. स्टीमचा नियम असा की घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळून दोन तास व्हायच्या आत गेम परत करता येतो. माझा गेम दीड तासात संपतो. पूर्ण खेळून, चांगला अभिप्राय लिहून परत केलेलेही त्यात आहेत, आणि ते नियमाला धरूनच आहे. हातात २२ हजारांच्या आसपास आले. आता आठवड्याला दोन-तीन प्रती जातात. त्या वर्षी, २०२४ साली, स्टीमवर १८ हजारांहून जास्त गेम आले. म्हणजे रोज पन्नासच्या आसपास. त्या गर्दीत आपला गेम कुणाला दिसावा म्हणून बाहेर काढायच्या आधी कितीतरी महिने गेमचं पेज उघडून लोकांकडून विशलिस्ट, म्हणजे ‘पुढं घेईन’ अशी नोंद, गोळा करावी लागते, ट्रेलर कापावा लागतो, परक्या माणसांना पत्रं लिहावी लागतात. माझा निम्मा वेळ त्यात गेला. कोर्सच्या माहितीपत्रकात ह्याचा एक धडा नाही, मी मागवून बघितलंय.

आणि कॉलेज सोडायचा सल्ला. मला सगळ्यात जास्त चीड ह्याची आहे.

स्टारड्यू व्हॅली बनवणारे एरिक बॅरोन. एकट्यानं बनवला हे खरं, आणि गेम अप्रतिम आहे हेही खरं. पण २०११ मध्ये त्यांची कॉम्प्युटर सायन्सची पदवी हातात होती. नोकरी मिळेना, तेव्हा सरावासाठी म्हणून हा गेम सुरू केला. फेब्रुवारी २०१६ ला तो बाहेर येईपर्यंत साडेचार वर्षांच्या आसपास गेली. त्या काळात घर चालायचं ते त्यांच्या जोडीदाराच्या कमाईवर, आणि ते स्वतः सिॲटलच्या एका थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायचं अर्धवेळ काम करायचे. ‘सगळं सोडून’ ह्यातलं काय सोडलं होतं? पदवी होती, काम होतं, घरात दुसरी कमाई होती. आमच्या मावसभावाकडं ह्यातलं काय आहे? आईच्या चार पाटल्या आणि संपत आलेला डिप्लोमा. एक वर्ष राहिलंय, तेवढंही पुरं करू देत नाहीत.

डिग्रीशिवाय गेम बनवता येतो का? येतो. हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं, कारण माझी स्वतःची पदवी बी.कॉम. आहे. पण ‘डिग्री लागत नाही’ आणि ‘डिग्री सोडा’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हजारो कोटींच्या धंद्याबद्दल एवढंच, की त्या आकड्यात मोठा वाटा पैसे लावून खेळायच्या रमी आणि फँटसी ॲपांचा होता. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं ती बंद झाली. गेम बनवणाऱ्याच्या ताटात तो पैसा तेव्हाही येत नव्हता. आपल्या शेजारी पुण्यात ‘राजी’ नावाचा गेम बनला, खरोखर नाव काढलं त्या टीमनं. पण २०१७ मध्ये लोकवर्गणीची त्यांची मोहीम पुरी झाली नव्हती आणि गेम यायला २०२० उजाडलं. तीन दिवस नव्हे, तीन वर्षं, आणि तीही अख्ख्या टीमची.

मावसभावाला गेम बनवू नको असं मी म्हणत नाही. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर गोडो इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, चालतं, मी बघितलंय. ते फुकट आहे, थ्रीडी चित्रं बनवायचं ब्लेंडर फुकट आहे. त्याला मी म्हटलं, रविवारी सकाळी ये, एक चेंडू आणि एक भिंत एवढाच गेम पहिल्यांदा पूर्ण करू. तो म्हणाला, “ताई, एवढ्यानं काय हुतंय?” मी म्हटलं, “ये तर खरं.”

मावशी, सोमवारी अकरा वाजता तू बँकेत जाणार आहेस. कोर्सवाल्यांना त्याआधी दोनच गोष्टी विचार. तुमच्या किती मुलांचे गेम स्टोअरवर आहेत, त्यांची नावं द्या. आणि त्यातल्या एकाची तरी पट्टी दाखवा. मी दहा वाजल्यापासून घरीच आहे, निघायच्या आधी फोन कर.