तय्यबजींनी टिळकांना तुरुंगात धाडलं नाही, जामिनावर सोडलं

माझी भाची आठवीत आहे. टिळक पुण्यतिथीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने भाषण लिहिलं आणि परवा रात्री फोनवर मला म्हणून दाखवलं. मध्येच वाक्य आलं, ‘बद्रुद्दीन तय्यबजी नावाच्या मुसलमान न्यायाधीशाने लोकमान्यांना तुरुंगात धाडले.’ मी तिला तिथेच थांबवलं. कुठून आणलंस हे? तर म्हणाली, ‘आजोबांनी पाठवलं.’

तिचे आजोबा म्हणजे माझा मामा. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस. दर १ ऑगस्टला गिरगाव चौपाटीवर टिळकांच्या पुतळ्यापाशी जाऊन येतो. त्याला हा मजकूर कुणीतरी ढकलला, आणि त्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला. आता तो शाळेच्या स्टेजवरून बोलला जाणार होता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मजकुरात पाच गोष्टी आहेत. तय्यबजींनी १८९७ मध्ये टिळकांना शिक्षा दिली. त्यांची अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था म्हणजे मुलांना इंग्रजी शिक्षणापासून दूर ठेवणारी मदरसा होती. ते अलिगढ कॉलेजचे संस्थापक सर सय्यद अहमद खान यांचे मुंबईतले हस्तक होते. त्यांनी काँग्रेस बंद करा असं पत्र लिहिलं. आणि त्यांच्या बायकोने तिरंगा तयार केला हे थोतांड आहे.

पहिलंच घेते, कारण ते नुसतं चुकीचं नाही, पार उलटं आहे.

टिळकांना २७ जुलै १८९७ ला मुंबईत अटक झाली. पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याला महिना उलटून गेला होता. सरकारने ‘केसरी’तल्या लिखाणावर राजद्रोहाचं १२४ अ कलम लावलं. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. मग अर्ज हायकोर्टात गेला, पार्सन्स आणि रानडे यांच्या खंडपीठापुढे. तिथेही नाकारला गेला. हे रानडे म्हणजे आपले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडेच. पुढे खटला हायकोर्टाच्या सेशन्सकडे पाठवला गेला, आणि ४ ऑगस्टला बॅरिस्टर दावर यांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी समोर बसले होते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. सरकारचा विरोध होता. तय्यबजींनी टिळकांना जामीन दिला.

मी वकिली करते, जामीन अर्ज हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे त्यांनी दिलेलं कारण मला फार जवळचं वाटतं. आरोपी खटल्याला हजर राहील का, हा खरा प्रश्न. टिळक पळून जाणारे गृहस्थ नाहीत. उलट महिनाभर कोठडीत ठेवलं आणि नंतर ते निर्दोष ठरले, तर न्यायाचाच पराभव होईल. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ हा. आजही आम्ही कोर्टात उभे राहून साधारण हेच सांगतो, आणि समोरून होकार मिळेल याची खात्री नसते. तेव्हा तर रँड प्रकरणाने इंग्रज अधिकारी आणि त्यांची वर्तमानपत्रं खवळलेली होती, आणि तय्यबजींना हायकोर्टाच्या खुर्चीवर बसून दोनच वर्षं झाली होती.

मग शिक्षा कोणी दिली? खटला सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे चालला. सरकारबद्दल ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्युरीला समजावून सांगणारे ते हेच. ज्युरीत नऊ जण, त्यांत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. सहा विरुद्ध तीन अशा मतांनी टिळक दोषी ठरले आणि १८ महिने सक्तमजुरी झाली. तय्यबजींचा त्या निकालाशी काडीचाही संबंध नाही. १९०८ च्या खटल्याशी तर शक्यच नाही. ते १९ ऑगस्ट १९०६ ला लंडनमध्ये वारले होते. मंडालेची सहा वर्षं सुनावली ती न्यायमूर्ती दावर यांनी, म्हणजे ज्यांनी ९७ साली तय्यबजींपुढे टिळकांचा जामीन मागितला होता त्यांनीच. हायकोर्टात ४६ नंबरच्या कोर्टाबाहेर टिळकांचे १९०८ चे शब्द कोरलेली पाटी आहे. तिच्यासमोरून मी आठवड्यातून चार वेळा जाते. पाटी वाचणाऱ्यांपैकी किती जणांना तो आधीचा जामीन ठाऊक असेल, असं दर वेळी मनात येतं.

न्यायाधीशाचा धर्म बघून त्याच्या निकालाचा रंग ठरवायचा, तर रानड्यांचं काय करणार? मी रानड्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्यापुढे अर्ज आला तेव्हा खटला वेगळ्या टप्प्यावर होता. पण मामा, ज्याने सोडलं त्याला ‘धाडणारा’ करायचं आणि ते नातीच्या तोंडी घालायचं, हे तुझ्या हातून व्हायला नको होतं.

अंजुमनबद्दल थोडक्यात. सीएसएमटीच्या समोर, दादाभाई नौरोजी रस्त्यावर तिची घुमटांची दगडी इमारत आहे. ती १८९३ मध्ये खुली झाली. संस्था १८७४ ची, शाळा १८८० ची, आणि मुसलमान मुलांना इंग्रजी आणि आधुनिक विषय मिळावेत हाच तिचा हेतू. व्यापारी घरातली पोरं लहानपणीच पेढीवर बसवली जात, त्यांना शाळेत आणायचं होतं. स्वतः तय्यबजी मदरशातून एल्फिन्स्टनला आणि तिथून विलायतेला गेले, १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. इंग्रजी शिक्षणाचा वैरी असलेल्या माणसाचं आयुष्य असं नसतं.

सर सय्यद यांचे हस्तक? डिसेंबर १८८७ मध्ये तय्यबजी मद्रासला काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते, आणि त्याच दिवसांत सर सय्यद लखनौला मुसलमानांना काँग्रेसपासून लांब राहायला सांगत होते. नंतर दोघांची पत्रापत्री झाली. १८ फेब्रुवारी १८८८ चं तय्यबजींचं उत्तर शोधून वाचा, या एका पत्राने हा मुद्दा संपतो. मुसलमानांना त्यांचं सांगणं असं: जिथे एकमत आहे तिथे हिंदू बांधवांबरोबर काम करा, आणि आपल्याला घातक वाटणारा ठराव आला तर कडकडून विरोध करा. बाहेर उभं राहून नव्हे, आत शिरून. हस्तक आपल्या धन्याला असं लिहीत नाही. पुढे १९०३ मध्ये सर सय्यद यांनीच सुरू केलेल्या शिक्षण परिषदेचे ते मुंबईत अध्यक्ष झाले, तेव्हाही आपण काँग्रेसवाले आहोत हे त्यांनी लपवलं नाही. त्याच भाषणात ते प्रचलित पडद्याविरुद्धही बोलले. समोर बसलेल्या अनेकांना ते रुचणारं नव्हतं.

आता काँग्रेस बंद करण्याचं पत्र. हे खरं आहे, अर्धं तरी. २७ ऑक्टोबर १८८८ ला त्यांनी काँग्रेसचे एक संस्थापक ह्यूम यांना लिहिलं, की बहुसंख्य मुसलमान विरोधात असतील, मग ते बरोबर असोत वा चूक, तर ही सभा राष्ट्रीय राहत नाही. म्हणून अलाहाबादच्या अधिवेशनानंतर ती निदान पाच वर्षं स्थगित ठेवावी. मला ही सूचना चुकीची वाटते. एखाद्या गटाने पाठ फिरवली म्हणून सगळ्यांचं काम थांबवायचं, तर त्या गटातल्या सर्वांत हट्टी माणसाच्या हाती किल्ली जाते. एखाद्या समाजाचे प्रतिनिधी जवळपास एकमुखाने विरोध करतील तो विषय चर्चेला घ्यायचा नाही, हा काँग्रेसचा नियमही तेव्हाचाच, आणि तोही मला पटत नाही. पण मजकुरात ‘निदान पाच वर्षं’ हे शब्द गाळलेत, आणि काँग्रेसने ही सूचना मानली नाही हेही गाळलंय. अलाहाबादचं अधिवेशन झालं, त्यानंतरची अधिवेशनंही झाली. ज्या माणसाने ती राष्ट्रीय राहावी म्हणून हे लिहिलं, त्याला ती बुडवायला निघालेला ठरवणं अन्याय आहे.

तिरंग्याचं म्हणाल, तर तो दोन माणसांचा घोळ आहे. १९४७ च्या झेंड्याच्या संदर्भात सुरैया तय्यबजींचं नाव येतं. त्या न्यायमूर्तींच्या नातवाच्या पत्नी. नातवाचं नावही बद्रुद्दीनच. आजोबांना जाऊन तेव्हा एकेचाळीस वर्षं झाली होती.

मामाला मी हे सगळं काल रात्री फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘तारीख परत सांग, ४ ऑगस्ट ना?’ आणि लिहून घेतली. आज सकाळी त्याने ग्रुपवरचा तो मजकूर काढून टाकला. भाचीच्या भाषणात आता वाक्य आहे, ‘१८९७ मध्ये दोनदा जामीन नाकारला गेल्यावर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी लोकमान्यांची जामिनावर सुटका केली.’ ‘बद्रुद्दीन’ म्हणताना तिची जीभ अजून अडखळते. आजोबा तिच्याकडून म्हणवून घेत आहेत.