सही तुमची, बुद्धी साहेबांची

बेळगावात वकिली करून बरीच वर्षं झाली, अशिलांपेक्षा कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याची उधारीच वेगानं वाढतेय, म्हणून सरकारी वकिलाची परीक्षा द्यायचं मनात असेल तर जरूर द्या. पगार एक तारखेला येतो आणि लग्न जमायलाही मदत होते. फक्त एवढं लक्षात ठेवा, की सरकारी वकिलांच्या दोन जाती असतात. काही पक्षाच्या यादीतून येतात आणि सरकार गेलं की यादीबरोबर जातात. काही परीक्षा देऊन येतात आणि निवृत्तीपर्यंत राहतात. या दुसऱ्यांची सोय अशी, की चार सरकारांचा राग एकाच माणसावर काढता येतो. तुम्ही तेच व्हा.

तुमच्यासाठी कायद्यात एक फार गोड कलम आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ३२१ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३६० झालं. खटला मागे घ्यायचा का, हे सरकारी वकिलानं स्वतःच्या बुद्धीनं ठरवायचं आणि मग कोर्टाची परवानगी मागायची. मंत्रिमंडळानं नव्हे, गृहखात्यानं नव्हे, तुम्ही! छाती भरून आली असेल तर कोटाची बटणं लावून घ्या, कारण तुमची ही स्वतंत्र बुद्धी बंगळुरूहून टाईप होऊन येते. ‘मी सर्व कागदपत्रे वाचून स्वतंत्रपणे या निष्कर्षास आलो आहे’ या ओळीखाली तुम्ही सही करायची. कागदपत्रं अजून पोलीस ठाण्यातच असतात, पण तेवढं चालतं.

हुबळीचंच बघा. एप्रिल २०२२ मध्ये जुन्या हुबळीत पोलीस ठाण्यासमोर जमाव हिंसक झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं ते प्रकरण धरून ४३ खटले मागे घ्यायचा आदेश काढला आणि मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. त्रेचाळीस प्रकरणांत एकदम मन वळायचं, म्हणजे मन केवढं मोठं हवं! आरोपी आमदार-खासदार असेल तर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय खटला मागे घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलंय. हे साहेबांना समजावायला जाऊ नका. त्यांना ते ठाऊक असतं. तुम्हालाही ठाऊक आहे, एवढंच त्यांना आवडत नाही.

त्यात तुम्ही मराठी. आडनाव पाटील असेल तर निदान दोन्हीकडे खपून जाल. पण एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागातले मराठी लोक काळा दिन पाळून फेरी काढतात, तिचे खटले तुमच्याच टेबलावर येणार. बेळगावजवळच्या येळ्ळूरसारखं एखादं प्रकरणही येईल. तिथला ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक जुलै २०१४ मध्ये पाडला, लाठ्या बसल्या आणि ज्यांना बसल्या त्यांच्यावरच गुन्हे नोंदले गेले. अशा खटल्यात आरोपींच्या रांगेत तुमच्या आत्याचा दीर उभा असेल. त्यानं व्हरांड्यात ‘काय ओ वकीलसाहेब, बरं हाय न्हवं?’ विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करा. खटला जोरात चालवलात तर गावात तुम्ही सूर्याजी पिसाळ, आणि साक्षीदार फितूर झाला तर दुसऱ्या बाजूच्या निवेदनात महाराष्ट्र एकीकरण समितीचा माणूस. तो फितूर होणारच. त्याचा जबाब पोलिसांनी कन्नडमध्ये लिहून घेतलेला असतो, त्याला तो वाचता येत नाही आणि आपण काय काय पाहिलं होतं, हे त्याला कोर्टातच पहिल्यांदा कळतं.

सरकारी वकिलाचं काय करायचं, याचा कर्नाटकाला दांडगा अनुभव आहे. तामिळनाडूच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री जयललितांचा बेहिशेबी मालमत्तेचा खटला निःपक्षपाती चालावा म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये तो तिथून इकडं पाठवला. पाच वेळा राज्याचे महाधिवक्ता राहिलेले बी. व्ही. आचार्य त्यात विशेष सरकारी वकील होते, ते २०१२ मध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले. मग भवानी सिंग आले. त्यांना सरकारनं २०१३ मध्ये काढलं, सर्वोच्च न्यायालयानं परत बसवलं आणि त्याच न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं, की अपिलात त्यांची नेमणूकच कायद्याला धरून नव्हती. मग पुन्हा आचार्य. आरोपी जागच्या जागी, वकीलच आत-बाहेर.

डिसेंबरात बेळगावच्या विधिमंडळ इमारतीत, सुवर्णसौधमध्ये, अधिवेशन भरलं की रजा टाका. १९ डिसेंबर २०२४ ला विधान परिषदेत मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याबद्दल अपशब्द काढल्याच्या आरोपावरून भाजपच्या सी. टी. रवींना तिथंच पकडलं. आरोप त्यांनी नाकारला. गुन्हा हिरेबागेवाडीत नोंदला, रात्रभर त्यांना जीपमधून गावोगाव फिरवलं, दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयानं सोडायला सांगितलं आणि पुढं तपास सीआयडीकडं गेला. अशा रात्री अडीच वाजता तुमचा फोन वाजला आणि ‘सर, सभागृहातल्या शब्दाला कुठलं कलम लागतंय?’ असं कुणी विचारलं, तर बायकोला उचलायला सांगा. तोंडी सल्ला मागणारा अधिकारी सकाळी फाईलवर ‘सरकारी वकिलांच्या अभिप्रायानुसार’ असं लिहितो, आणि त्याचं अक्षर फार सुवाच्य असतं.

चौकशी कधी ना कधी लागेलच. सरकार बदललं की ‘खटला मागे का घेतलात?’ आणि आधीचं परत आलं की ‘मागे का घेतला नाहीत?’ दोन्हींसाठी एकच उत्तर पाठ करा: फाईल वरून आली होती. त्यावर ‘वर कोण?’ असं कुणी विचारणार नाही, कारण विचारणाराही तिथूनच आलेला असतो. (थट्टा सोडून एक सांगतो: आलेल्या प्रत्येक फोनची तारीख-वेळ घरच्या वहीत लिहून ठेवा.) वर्तमानपत्रात तुमचा फोटो येईल तो ओळखपत्रावरचा, म्हणजे आधीच संशयित दिसणारा. बार असोसिएशन निषेधाचा ठराव करील. तुमच्या बाजूनं की विरोधात, ते निवडणुकीची तारीख बघून ठरेल.

शेवटी बदली होते. जागा विचारलीच तर बीदर मागून घ्या. महाराष्ट्राच्या दाव्यात बीदर-भालकीही आहे, मराठी आरोपी तिथंही मिळतील. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे, म्हणजे तुमच्या निवृत्तीपर्यंत कामाची ददात नाही.