अमेरिकेचं टपाल खाजगी आहे? मुळीच नाही

‘अमेरिकेत टपालसेवा कधीच खाजगी झाली. ती तिकिटांच्या पैशावर चालते, सरकारचा तिच्याशी संबंध नाही आणि तोटा वाढला तर राष्ट्राध्यक्ष ती विकून मोकळे होऊ शकतात.’ हा दावा भरपूर फिरतो. आपल्याकडच्या पोस्टाचं काय करायचं, या वादातही तो पुरावा म्हणून पुढे केला जातो. त्यातली तिकिटांची गोष्ट बरीचशी खरी आहे. बाकी सगळं चूक.

आधी ‘खाजगी’चं बघू. या टपालसेवेला भागधारक नाहीत, मालक नाही. कायद्याने ती सरकारच्या कार्यकारी शाखेतलीच एक स्वतंत्र आस्थापना आहे. टपालाच्या पिशव्या बनवणाऱ्या फ्लेमिंगो नावाच्या कंपनीने तिच्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला होता. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की ही सेवा सरकारचाच भाग आहे, तिला हा कायदा लागू होत नाही. आणि घरासमोरची टपालपेटी घ्या. पेटी घरमालक स्वतःच्या पैशाने आणतो, पण तिकीट न लावलेलं पत्रक शेजाऱ्याने तिच्यात टाकलं तर तो संघराज्याच्या कायद्याने गुन्हा. न्यूयॉर्कजवळच्या काही नागरिक संघटना याविरुद्ध भांडल्या आणि १९८१ मध्ये हरल्या. कुठल्या खाजगी कंपनीला असं संरक्षण मिळतं?

गैरसमजाचं मूळ १९७० मध्ये आहे. तोवर टपाल हे सरळ मंत्रिमंडळातलं खातं होतं, आणि पोस्टमास्तरांच्या नेमणुकीत पक्षाचा वशिला चालायचा. त्या मार्चमध्ये तुटपुंज्या पगारावरून न्यूयॉर्कमधून संप पेटला, देशभर पसरला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये सैनिक पाठवले आणि बंदूक चालवायला शिकलेली ती पोरं पत्रं वेगळी करायला बसली. ऑगस्टमध्ये नवा कायदा झाला, टपालाचं मंत्रिपद गेलं. कारभार पक्षीय राजकारणापासून दूर नेला गेला. लोकांनी त्याचा अर्थ ‘सरकारपासून दूर’ असा लावला.

आता पैसा. रोजचा खर्च तिकिटं आणि पार्सलांतून निघतो, हे बरोबर. पण अधिकार पैशातून आलेला नाही. टपाल कचेऱ्या आणि टपालमार्ग उभारण्याचा अधिकार राज्यघटनेनेच अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला आहे. तो किती खोल जातो बघा: २००६ च्या कायद्याने निवृत्तांच्या आरोग्यखर्चासाठी दरवर्षी सुमारे साडेपाच अब्ज डॉलर आगाऊ बाजूला टाकायची सक्ती झाली. ताळेबंदातला तोटा त्यामुळे फुगला. २०२२ मध्ये काँग्रेसनेच ती सक्ती उठवली आणि आठवड्यातून सहा दिवस टपालवाटप कायद्यात लिहून टाकलं. तोटा पुढेही होतोच आहे, पत्रं कमी झाली आहेत. पण तोट्याचा आकडा दाखवताना ही सक्ती लपवणं अप्रामाणिक आहे.

राहिली विक्री. राष्ट्राध्यक्ष टपालसेवेच्या कारभारी मंडळावर नऊ सदस्य (त्यांना ‘गव्हर्नर’ म्हणतात) नेमतात, तेही काँग्रेसच्या वरच्या सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या, संमतीने. एका पक्षाचे पाचाहून जास्त चालत नाहीत. टपालसेवेचा प्रमुख, म्हणजे पोस्टमास्तर जनरल, कोण, हे ते गव्हर्नर ठरवतात. टपालदरांवर वेगळा आयोग लक्ष ठेवतो. जून २०१८ मध्ये ट्रम्प प्रशासनाने खाजगीकरणाची कल्पना मांडली होती, ती कागदावरच राहिली. कारण विकायचं तर काँग्रेसला आधी कायदा बदलावा लागेल.