‘आधी कॅमेरा धरायला शिका’ म्हणणाऱ्यांसाठी

वाकडे फोटो सरळ करण्यावरच्या माझ्या पोस्टखाली परवा रात्री एक कमेंट आली, नाव नाही, गाव नाही. ती जशीच्या तशी देतो: “आधी कॅमेरा सरळ धरायला शिका, मग लोकांना शिकवा. तीन डिग्री फिरवून कोपरे उडवलेत ते सांगितलंच नाही. मंगेशीचा दीपस्तंभ अजून मागेच पडतोय. वरून सेव्ह केलं की मूळ फोटो गेला, त्याचं काय? शॉर्टकटसुद्धा चुकलाय.”

शॉर्टकट चुकला हे खरं. जिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये मेझर टूल, म्हणजे रेघ ओढून कोन मोजायचं साधन, शिफ्ट-एम ने येतं, मी शिफ्ट-आर लिहिलं, ते रोटेटचं. दुरुस्त केलंय. आभार. चूक मान्य करायला मला काही वाटत नाही.

पण पहिलं वाक्य. काय गरज होती हो त्याची? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, आणि थेट “शिका”. माझ्या बाबांचा म्हापशात फोटो स्टुडिओ होता, मी शाळेत असल्यापासून तिथल्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली उभा राहिलोय, शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी तर जेवायला फुरसत नसायची. लग्नाच्या मांडवात गर्दीतून हात वर करून काढलेले फोटो वाकडे यायचेच, बाबांचेही यायचे. मग बाबा काय करायचे? एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र, त्याच्याखाली कागद धरणारं ईझल असतं ना, ते हलकेच फिरवायचे, नवरानवरीच्या मागचा खांब उभा दिसेपर्यंत, आणि एन्लार्जर थोडा वर घ्यायचे म्हणजे कडेला कोरा कागद राहत नाही. हे रोटेट आणि क्रॉप नाही तर दुसरं काय? फरक इतकाच की तेव्हा चुकलं तर कागद फुकट जायचा, आता कंट्रोल-झेड. त्यांना कधी कोणी म्हटलं नाही की आधी कॅमेरा धरायला शिका.

आणि पोस्टमधला मांडवी नदीवरचा फोटो कुठून काढला होता ते तिथेच लिहिलंय, वाचलं असतं तर कळलं असतं. रायबंदर-चोडण फेरीबोट. पावसाळ्यात, शेजारी स्कूटर चालू, मागून कोणीतरी कोपर मारतोय, आणि बोट धक्क्याला लागताना जो हिसका बसतो तो बसलेला. तिथे व्ह्यूफाइंडरमधली ग्रिड बघत बसायचं? तुम्ही बसाल कदाचित.

बरं, सरळ म्हणजे कशाच्या हिशोबाने सरळ, हेही त्या एका वाक्यात येत नाही. मांडवीचा पलीकडचा काठ तिरका लांब जात असतो, फोटोत तो उतरता दिसणारच, ते क्षितिज नव्हे. त्यावर मेझरची रेघ ओढून ‘स्ट्रेटन’ दाबलं तर चांगला फोटो वाकडा होतो. म्हणून मी दिव्याचा खांब धरायला सांगितलं होतं, आणि पाणी शांत असेल तर खांबाचं टोक आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब यांना जोडणारी रेघ, ती उभीच असायला हवी. चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या लाकडी चौकटीचं, माटोळीचं, अजून वेगळं. आमच्याकडची चौकटच एका बाजूला खाली आहे, नारळ आणि सुपारीची शिपटी सगळी काकांनी तिकडेच बांधलेली, ती सरळ केली तर भिंत वाकडी. तिथे दाराची चौकट बघायची. हे सगळं कॅमेरा हातात घट्ट धरून कळत नाही, फोटो समोर घेऊन बसल्यावर कळतं, आणि बसायला वेळ लागतो, कमेंट टाकायला लागतो तेवढा नव्हे.

कोपरे जातात. हो, जातात, कोणाला माहीत नाही? ३:२ चा फोटो तीन डिग्री फिरवून त्याच प्रमाणात कापला की साधारण १४ टक्के भाग जातो, पाच डिग्रीला २१. लिहायला हवं होतं म्हणताय तर लिहिलं आता. मूळ फोटो जातो हे मात्र चूक, जिंपमध्ये सेव्ह केलं की जिंपची स्वतःची वेगळी एक्ससीएफ फाइल होते, जेपीजीवर लिहायचं तर ओव्हरराइट मुद्दाम निवडावं लागतं. पुढच्या वेळी बघून लिहा.

मंगेशीच्या देवळातल्या दीपस्तंभाचं राहिलं. कॅमेरा वर करून काढला की तो वर निमुळता होतो आणि मागे कललेला दिसतो, त्याला रोटेट चालत नाही, पर्स्पेक्टिव टूल लागतं, तो वेगळा विषय आहे आणि त्या पोस्टचा नव्हता. उदाहरण म्हणून मी तो का घातला असं विचाराल, तर फोटो आवडता आहे म्हणून घातला.

काल बाबांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “बाळा, हो मागे पडटा रे.” पण त्यांनी ते मला “शिका” न म्हणता सांगितलं.