प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यानं विहिरीचं पाणी वाढत नाही

मंगळवारी रात्री मामांनी एक मेसेज पाठवला आणि पाठोपाठ फोन केला, "वाच आणि कागद किती मायक्रॉनचा घ्यायचा ते सांग." अंबड तालुक्यात त्यांची साडेतीन एकर मोसंबी आहे. एक विहीर, दोन बोअर. त्यातला एक गेल्या वर्षी आटला. मेसेजचं म्हणणं असं: प्लास्टिकचं शेततळं करा, पावसाळ्यात विहिरीचं पाणी उपसून त्यात भरा, त्यानं परिसरातल्या विहिरींची पातळीही वाढते. कमी पडलं तर आठशे फूट बोअर घ्या. विहीर आपली, पाणी आपलं. जगात कुठेही शेतकऱ्याच्या उपशावर बंधन नाही.

फोनवर सगळं बोलणं झालं नाही, म्हणून लिहितोय.

पातळी वाढते हे वाचून माझं डोकंच फिरलं. अहो, तळ्यात कागद अंथरतात तो पाणी जिरू नये म्हणूनच ना? मग जिरलंच नाही ते पाणी शेजारच्या विहिरीत उतरणार कुठून? हिशेब करा. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, उतरत्या बाजूंचं तळं साधारण २२ लाख लिटर पाणी धरतं. चारही बाजूंनी बांध उंच, पाणी आत घेणारी चारी नाही. ५०० मिलिमीटर पाऊस झाला तरी आभाळातून थेट त्यात पडणार साडेचार लाख लिटर. बाकीचे साडेसतरा लाख विहिरीतूनच येतात. जमिनीच्या पोटात झाकून असलेलं पाणी वर काढून आपण उन्हात ठेवतो. दिवसाला ६ मिलिमीटर जरी उडालं, तरी भरल्या तळ्यातून रोज ५,४०० लिटर गेलं. ट्रॅक्टरमागचा एक टँकर, रोज.

हे एकट्या माझं म्हणणं नाही. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली ती वाहून जाणारं पाणी अडवायला. दुसऱ्याच वर्षी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात अभ्यासक ईश्वर काळे यांचा लेख आला. शेततळी भूजल उपसून भरली जातात, सगळ्यांचं पाणी एकाच्या तळ्यात जातं आणि त्यातलं बरंच उन्हात उडतं, हे त्यांनी तेव्हाच मांडलं होतं.

आणि मामा, तुम्ही तर डोळ्यांनी पाहिलंय. वरच्या शेतातलं तळं भरायला दोन मोटारी रात्रंदिवस चालल्या, तेव्हा तात्यांच्या विहिरीच्या कड्यावरची ओली रेघ आठ दिवसांत दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकी खाली गेली. तात्या रोज सकाळी वाकून बघायचे आणि काही न बोलता परत जायचे.

तळ्यानं बागा वाचतात, हे मात्र मान्य करतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, झाडं तोडून सरपणाला गेली. तेव्हा ज्याच्याकडे साठा होता त्याचीच बाग टिकली. पण ज्याचं तळं त्याचीच बाग वाचते. शेजाऱ्याची विहीर त्यासाठी आधी आटते.

आठशे फुटांच्या बोअरबद्दल फार लिहीत नाही. आपल्याकडे काळा पाषाण आहे, पाणी वरच्या मुरमात आणि भेगांत असतं. खाली एखादी भेग लागली तर लागली, नाहीतर पैसे गेले. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध उगाच आलेले नाहीत.

आता 'जगात कुठेही'चं. आपल्याकडे १८८२ च्या ब्रिटिशकालीन कायद्यापासून जमीनमालकाला खालचं पाणी काढायचा हक्क आहे, तेवढं खरं. पण अमेरिकेतल्या कोलोरॅडोत साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्यात १९६९ च्या कायद्यानं विहिरी नदीच्या हिशेबात धरल्या, कारण विहीर उपसली की नदीचंच पाणी ओढलं जातं. तिथे ज्याचा वापर जुना, त्याचा हक्क आधी. नव्या विहिरीनं जुन्या हक्काचं जेवढं पाणी ओढलं, तेवढं दुसरीकडून मिळवून नदीला परत करायचं, तरच मोटार चालू. २००६ मध्ये अशी भरपाई दाखवता आली नाही म्हणून तिथल्या शेकडो विहिरी ऐन हंगामात बंद कराव्या लागल्या. तिथले शेतकरीसुद्धा तळी खोदतात, पण कागदाशिवाय. नदीला पाणी जास्त असलं की कालव्यानं त्यात सोडतात. ते झिरपत झिरपत काही महिन्यांनी नदीला मिळतं आणि त्याच्या हिशेबावर उन्हाळ्यात विहीर चालते. त्यांचं तळं गळावं म्हणूनच खोदलेलं असतं.

तेव्हा मामा, कागदाची ऑर्डर देऊ नका. तुमच्या विहिरीवरून ओढा पावसाळ्यात अडीच महिने वाहतो. दगड, खडी, वाळू भरलेल्या गाळण खड्ड्यातून त्याचं पाणी विहिरीत घेता येईल. पुढेमागे तळं केलंच, तर तेही ओढ्याच्या पाण्यावर भरू, विहिरीच्या नाही. रविवारी येतोय. टेप काढून ठेवा, ओढ्यापासून विहिरीपर्यंतचं अंतर मोजू. तात्यांनाही बोलवा.